तळ शाबूत, बूट संपलेला : धावण्याचे बूट बदलताना या चुका टाळा

दर वर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली, की शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी पहाटे जमणाऱ्या आमच्या गटात आठ-दहा नवी माणसे येतात. एप्रिल उजाडेपर्यंत त्यांतील निम्म्यांची नडगी, टाच किंवा गुडघा कुरकुरू लागतो आणि कोणते मलम लावावे, कोणता पट्टा बांधावा, याची चौकशी सुरू होते. मी डॉक्टर नाही आणि बुटांचा विक्रेताही नाही. गेली सोळा वर्षे धावतो आहे, एवढाच माझा अधिकार. म्हणून मलमाबद्दल काही न बोलता मी एकच प्रश्न विचारतो, की हे बूट कधी घेतले आणि त्यांवर किती किलोमीटर झाले. दहांतील एकालाही याचे नेमके उत्तर देता येत नाही.

तळ पाहून निकाल देणे

बूट उलटा करायचा, खालची नक्षी पाहायची आणि "अजून वर्षभर सहज जाईल" असे म्हणून तो पुन्हा पायात घालायचा, ही सर्वांत चिवट चूक आहे. मोटारीच्या टायरची परीक्षा आपण अशीच करतो, त्यामुळे ती सवय बुटालाही लागते. परंतु टायरमध्ये झिजणारा भाग आणि काम करणारा भाग एकच असतो, बुटात तसे नसते. जमिनीला टेकणारे रबर कठीण आणि टिकाऊ असते. धक्का झेलण्याचे काम त्याच्या वरचा फोमचा जाड थर, म्हणजे मिडसोल, करतो. बहुतेक बुटांत हा थर ईव्हीए नावाच्या फोमचा असतो आणि त्यात हवेच्या असंख्य बारीक बंद पेशी असतात. पाऊल पडले की त्या दबतात, उचलले की फुगतात. हजारो वेळा दबून त्यांच्या भिंती थकतात आणि मग त्या दबलेल्याच राहतात. बूट बाहेरून तसाच दिसतो, पण आतून त्याची फळी झालेली असते.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. किलोमीटरला सात मिनिटे या वेगाने धावणारा माणूस एका किलोमीटरमध्ये साधारण साडेअकराशे पावले टाकतो, म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्याला पावणेसहाशे. सहाशे किलोमीटरांत एकेका बुटावर साडेतीन लाखांच्या आसपास आघात होतात आणि त्यांतील प्रत्येक आघात शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असतो. साधे सरावाचे बूट 500 ते 800 किलोमीटर चालतात, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते ते यामुळेच. वजनदार माणसाने आणि रोज काँक्रीटवर धावणाऱ्याने खालच्या आकड्याकडे लक्ष ठेवावे. हलक्या माणसाला, मातीच्या वाटेवर धावणाऱ्याला थोडी अधिक सवलत मिळते.

आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. हिशेबाच्या बाबतीत पै-पैला जागणारा माणूस. त्यांची उजवी नडगी दुखू लागली, तेव्हा त्यांनी आधी बर्फ लावला, मग पोटरीचे मोजे घेतले, मग फिजिओथेरपीच्या दहा बैठका घेतल्या. बैठका चालू असताना दुखणे कमी होई आणि धावायला लागले की परत येई. मी बुटांचा विषय काढला, की ते बूट उलटा करून दाखवत आणि म्हणत, "हे बघा, नक्षी जशीच्या तशी आहे. उगाच सात-आठ हजार कशाला घालवायचे?" शेवटी एका रविवारी मी त्यांच्याच पद्धतीने हिशेब मांडला. आठवड्याला तीस किलोमीटर, चौदा महिने, त्यातून पावसाळ्याचे दोन महिने वजा. उत्तर पंधराशेच्या वर गेले. काका बराच वेळ गप्प बसले. त्याच संध्याकाळी ते दुकानात गेले, एका पायात जुना आणि दुसऱ्या पायात त्याच मॉडेलचा नवा बूट घालून उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी मला फोन केला, "अहो, मी एका बाजूला कललोय!" नडगी बरी व्हायला त्यानंतरही दीड महिना गेला, कारण दुखापत झालेली होतीच, परंतु ती परत मात्र आली नाही.

दुकानातली ही परीक्षा मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. फोम हळूहळू बसत जातो आणि पाय रोज थोडा थोडा जुळवून घेत राहतो, म्हणून धावणाऱ्याला स्वतःला काहीच कळत नाही. घरातल्या मुलाची उंची घरच्यांना दिसत नाही, सुट्टीत आलेल्या मावशीला दिसते, तसेच हे आहे. घरच्या घरी पाहायचे असेल, तर बूट टेबलावर ठेवून मागून पाहावा. तो आत किंवा बाहेर कलला असेल, मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या असतील किंवा टाचेला धरून ठेवणारा मागचा कडक भाग बोटांनी सहज चेपत असेल, तर आणखी पुराव्याची वाट पाहू नये. टाचेची बाहेरची कड आधी झिजणे मात्र बहुतेकांच्या बाबतीत नैसर्गिक आहे, त्याने घाबरण्याचे कारण नाही.

न वापरलेला बूट नवाच असतो असे समजणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल हक्काने बोलतो. माझ्या आवडीचे एक मॉडेल बंद होणार असे कळल्यावर मी सेलमध्ये दोन जोड घेतले. एक वापरला आणि दुसरा खोक्यासकट माळ्यावर ठेवून दिला. चार पावसाळे उलटल्यावर, जानेवारीतल्या अर्धमॅरेथॉनसाठी तो मोठ्या अभिमानाने खाली काढला. दिसायला कोरा करकरीत होता. वरळीच्या पुढे उजव्या टाचेखाली काहीतरी फडफडू लागले आणि पेडर रोडचा चढ सुरू होईपर्यंत तळ चवड्यापर्यंत सुटून जिभेसारखा लोंबू लागला. वैद्यकीय मदतीच्या मांडवात एका मुलीने हसू आवरत क्रेप बँडेजने सगळा बूट बांधून दिला आणि मी उरलेले अंतर पाय ओढत चाललो. चार महिन्यांचा सराव माळ्यावरच्या खोक्याने वाया घालवला.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे होणारच. ओलावा आणि उष्णता यांनी तळ चिकटवणारा गोंद कमजोर होतो. काही बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. त्याच्या रेणूंची साखळी हवेतल्या पाण्याने हळूहळू तुटत जाते आणि एक दिवस त्याचा भुगा होतो. लग्नासाठी घेतलेले ऑफिसचे बूट पावसाळ्यानंतर कपाटातून काढताना हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. धावण्याच्या बुटाला म्हणूनच किलोमीटरचे वय असते तसे वर्षांचेही असते. साठा करू नये, आणि सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून तर अजिबात करू नये.

किरकोळ, पण वारंवार दिसणाऱ्या

आतला इनसोल बदलला म्हणजे बूट नवा झाला, असे मानणे ही गादी फाटल्यावर नुसता अभ्रा बदलण्याची गोष्ट आहे. मोच्याकडून सुटलेला तळ शिवून किंवा चिकटवून घेण्याला माझी हरकत नाही, पण त्याने बसलेला फोम वर येत नाही. पावसात भिजलेला बूट वॉशिंग मशीनमध्ये फिरवणे, ड्रायरमध्ये टाकणे किंवा दिवसभर कडक उन्हात ठेवणे टाळावे. उष्णतेने ईव्हीए आकसतो आणि मे महिन्यात मोटारीत राहिलेला बूट त्यामुळेच घट्ट होतो. मी आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवतो आणि दोन तासांनी बोळे बदलतो. त्याच बुटांनी बॅडमिंटन खेळणे, बाजार करणे आणि मग "लवकर झिजले" अशी तक्रार करणे, यावर मी बोलणे सोडून दिले आहे.

उलट टोकाची मंडळीही आहेत. पहिले पाच किलोमीटर न थांबता पूर्ण झालेले नाहीत, पण पायात कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची कडक पट्टी बसवलेले, वीस हजारांचे बूट आहेत, कारण कुठल्याशा व्हिडिओत ते कोणीतरी घातले होते. शर्यतीसाठी केलेले असे हलके बूट सरावाच्या बुटांपेक्षा लवकर संपतात, ही गोष्ट व्हिडिओत सांगितलेली नसते. काहींना जरा पोटरी भरून आली, की दीडशे किलोमीटरांतच बूट बदलायचा असतो. अशा वेळी दोष बुटाचा नसून आठवड्यात अंतर दुप्पट करण्याच्या घाईचा असतो.

माझी पद्धत

नवा बूट आला, की त्याच्या जिभेच्या आतल्या बाजूला मार्कर पेनने तारीख लिहितो. धावलेले अंतर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत, पूर्वी आई दुधाचा हिशेब लिहायची तिथे, लिहितो आणि महिनाअखेर बेरीज करतो. तरुण मंडळी स्ट्राव्हा या मोबाइल ॲपवर प्रत्येक बुटाचे अंतर नोंदवतात, तेही उत्तम. साडेचारशे किलोमीटर झाले की मी दुसरा जोड घेतो आणि दोन्ही आलटून पालटून वापरतो, त्यामुळे नवा जोड शर्यतीच्या आधीच पायाला ओळखीचा होतो आणि दोहोंतील फरक रोज जाणवत राहतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या शर्यतीला तर मी किमान साठ-सत्तर किलोमीटर धावलेला आणि तीनशेच्या आतला बूटच नेतो, कारण यवतेश्वरचा घाट चढताना फुप्फुसे बोलतात, पण उतरताना फोमचे खरे रूप कळते.

सातशेला जुना जोड निवृत्त होतो. तो फिरायला, भाजी आणायला चालतो. मात्र "तू धावतोस ना, घे" असे म्हणून संपलेला बूट सोसायटीतल्या वॉचमनच्या मुलाच्या हाती ठेवणे मला पटत नाही. जो आपल्या पायाला चालत नाही, तो वाढत्या वयाच्या पायाला कसा चालेल? त्यापेक्षा टाकाऊ बुटांपासून चपला बनवून शाळकरी मुलांना देणाऱ्या ग्रीनसोलसारख्या संस्थेकडे तो धुऊन, वाळवून, दोन्ही नाड्या एकत्र बांधून पाठवावा, म्हणजे जोड फुटत नाही.