ड्रायसूटमध्ये लागली तर

डोंबिवलीहून फोर्टातलं ऑफिस वीस वर्षं गाठलेल्या बाईला लघवी धरून ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही. निघायच्या तासभर आधी पाणी बंद, चहा अर्धा कप, आणि मेगाब्लॉक असेल तर तोही नाही. 'राइट टू पी' मोहीम २०११ साली ह्याच शहरात सुरू झाली, ती उगाच नाही.

हीच विद्या घेऊन मी आइसलंडला सिल्फ्रा नावाच्या, पाण्याने भरलेल्या भेगेत डायव्हिंगला गेले. पाणी बारा महिने २ ते ४ अंश, म्हणजे ड्रायसूटशिवाय, आत पाणी अजिबात न शिरू देणाऱ्या सूटशिवाय, पर्याय नाही. सकाळपासून घोटभर पाणी प्यायले नव्हते, आणि मनात म्हणत होते, आपलं कसं सगळं व्यवस्थित आहे. पंधराव्या मिनिटाला लागली. साधीसुधी नाही, कळ यावी तशी. भोवती शंभर मीटरपर्यंत आरपार निळं पाणी, आणि मी मनगटावरच्या कॉम्प्युटरमध्ये मिनिटं मोजतेय. वर आले तेव्हा डोकंही ठणकत होतं.

पाणी न पिताही लागते कशी? पाण्यात उतरलं की बाहेरच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. हृदयाचे कप्पे ताणले जातात, आणि शरीराचा समज होतो की अंगात पाणी जास्त झालंय. लघवी रोखून धरणारं संप्रेरक कमी होतं, मूत्रपिंडं कामाला लागतात. गारठ्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याने यात भरच पडते. म्हणजे लोकलमधली युक्ती इथे उलटी पडते. तुम्ही कोरड्या राहता आणि लघवी तरीही होतेच. शिवाय अंगातलं पाणी कमी असेल तर डीकम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाचा, धोका वाढतो असं मानतात. तेव्हा आदल्या दिवसापासून थोडं थोडं पाणी पीत राहा, लघवीचा रंग फिकट पिवळा दिसला पाहिजे. सूट चढवायच्या अगदी आधी एकदा जाऊन या. लागलेली नसली तरी जा.

तारकर्लीला किंवा अंदमानात वेटसूटमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण त्यात पाणी आत येतंच. सगळे करतात, कुणी कबूल करत नाही. ड्रायसूटमध्ये मात्र आत गेलेलं आतच राहतं, अंडरसूट, म्हणजे आतला उबदार पोशाख, भिजतो आणि ऊब जाते. पुरुषांसाठी कंडोमसारखं कॅथेटर लावून मांडीवरच्या झडपेतून बाहेर सोडायची सोय फार पूर्वीपासून आहे. आपल्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला डायपर. भाड्याचा सूट असेल तर हाच, कारण त्याला सहसा झडप नसते. मी दादरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने विचारलं, "पेशंटच्या कंबरेचं माप काय?" म्हटलं, "पेशंट मीच." त्यानंतर त्याने मान वर केली नाही आणि पाकीट दोन कागदांत गुंडाळून दिलं. पट्ट्यांचा घेऊ नका, पँटसारखा चढवायचा घ्या, कारण चिकटपट्ट्या अंडरसूटच्या घासण्याने सुटतात. मांड्यांच्या कडा आत दुमडलेल्या नाहीत ना, हे बोट फिरवून बघा. वरून घट्ट निकर घाला. आतला थर सुती नको, लोकर किंवा पॉलिएस्टर हवा.

डायपरची खरी अडचण डोक्यात असते. कपड्यात करायची नाही, हे आईने दोन वर्षांच्या असताना असं बिंबवलंय की स्नायू ऐकतच नाहीत. त्यामुळे घरी सराव करा. मी बाथरूममध्ये डायपर घालून, नळ सोडून उभी राहिले. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत थेंबही नाही. नवरा बाहेरून, "बरी आहेस ना?" तिसऱ्या दिवशी जमलं. तेव्हाच आणखी एक कळलं: एकदम सोडली तर डायपर तेवढ्या वेगाने शोषत नाही, कडेने ओघळ जातो. थोडी सोडा, थांबा, पुन्हा थोडी. पाण्यात मी हे सरळ उभी राहून करते. आडवं असताना पोटाकडे किंवा पाठीकडे पसरते, आणि डोकं खाली असताना तर विचारूच नका. दोन डाइव्हच्या मध्ये बदला, जुना बंद पिशवीत. जांघेत आधी झिंकचं मलम लावलं तर कातडी सोलवटत नाही. भाड्याचा सूट ओला झालाच, तर देताना तसं सांगा. लाज दोन मिनिटांची असते.

दुसरा मार्ग पी-व्हॉल्व्ह, म्हणजे सूटला बसवलेली लघवीची झडप, आणि 'शी-पी'. स्वतःचा सूट असेल आणि तास-तासभराचे डाइव्ह असतील तरच या भानगडीत पडा. शी-पी म्हणजे सिलिकॉनची छोटी वाटी, ती वैद्यकीय गोंदाने अंगाला चिकटवायची. तिची नळी सूटच्या मांडीवरच्या झडपेला जोडायची. जागेवरचे केस आदल्या दिवशी काढा, त्याच दिवशी काढले तर गोंद झोंबतो. कातडीवर तेल, मलम काहीही नको. गोंद सांगितलेला वेळ सुकू द्या, मग वाटी दाबून धरा. लगेच उठाबशा काढा, वाका, उकिडव्या बसा, आणि न्हाणीघरात प्रत्यक्ष करून बघा. कुठे गळलं तर घरीच कळलेलं बरं.

झडप साधी आहे की बॅलन्स्ड, हे विकत घेतानाच विचारा. साध्या झडपेच्या नळीत हवा राहिली तर १० मीटरवर दाब दुप्पट होतो, हवा निम्मी होते आणि वाटी कातडीला ओढू लागते. ते दुखतं, चांगलंच दुखतं. त्यामुळे साधी झडप असेल तर पाण्यात उतरल्या उतरल्या थोडी करून नळी भरून घ्यायची. बॅलन्स्ड झडप सूटमधल्या हवेशी दाब जुळवून घेते. झडप फिरवून उघडायची असेल तर करण्याआधी ती उघडली ना, हे हाताने तपासा. मी एकदा विसरले. बंद झडपेवर दाब आला, गोंद सुटला, आणि पुढची चाळीस मिनिटं मी काय अनुभवलं ते लिहीत नाही. नळीला कुठे पीळ बसलेला नाही ना, तेही सूटची चेन लावण्याआधीच बघा.

पाळीत मी कप वापरते, त्याची आणि वाटीची आपसात तक्रार नसते. डायपर असेल तर काही वेगळं करावं लागत नाही.

स्वच्छतेत मात्र आळस नको. पी-व्हॉल्व्हमुळे मूत्रमार्गाला संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डाइव्ह झाला की नळी आणि झडप गोड्या पाण्याने आणि जंतुनाशकाने धुवा, पूर्ण वाळू द्या. ओली गुंडाळून ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यात तर नळीत बुरशीच येते, मी पंख्याखाली टांगते. जळजळ, वारंवार लागणं, ताप यांपैकी काही झालं तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टरकडे जा आणि झडप वापरता हेही सांगा.

वाटी काढताना ओढू नका. गोंद काढायचं द्रावण कडेने सोडत सावकाश सोलायची, मग कोमट पाण्याने आणि साबणाने धुवायची. धुतल्यावर ती कुठे ठेवता याकडे जरा लक्ष असू द्या. मी ओट्याजवळच्या खिडकीत सुकत ठेवली होती. संध्याकाळी घरी आले तर सापडेना. शोधाशोध केल्यावर मिक्सरच्या भांड्यात मिळाली. मावशी म्हणाल्या, "ताई, ह्याचं झाकण आहे ना ते?"