गुप्तहेराची मालिका लांबवायची तर आधी त्याचं वय ठरवा

ॲगाथा ख्रिस्तींनी १९२० साली आपल्या प्वारो या गुप्तहेराला आणलं ते निवृत्त पोलीस म्हणूनच. त्याची शेवटची कादंबरी छापली गेली १९७५ मध्ये. हिशोब मांडला तर गडी शंभरीपार जातो! म्हणून पहिल्या पुस्तकातच काळाचं गणित पक्कं करा.

वाटा तीन. वय गोठवायचं असेल, तर सालं आणि ताज्या घडामोडी लिहूच नका. खऱ्या कॅलेंडरने चालायचं असेल, तर निवृत्ती येणारच: लेखक इयन रँकिन यांचा पोलीस तपासनीस रीबस १९८७ मध्ये आला आणि २००७ च्या कादंबरीत साठीला पोचून निवृत्त झाला. तिसरी वाट संथ घड्याळाची. लेखिका सू ग्राफ्टन यांनी १९८२ ते २०१७ अशी पस्तीस वर्षं लिहिलं, पण नायिका ऐंशीच्या दशकातच राहिली. यात मोबाइल नसल्याने पाठलाग, चुकामूक, निरोप न पोचणं हे सगळं शाबूत राहतं. नवख्याने हीच वाट धरावी.

मग एक नोंदवही. प्रत्येक पुस्तक संपलं की त्याच आठवड्यात भरा: जन्मसाल, जखमा, घर, गाडी, कोण मेलं, कुणाला कोणतं गुपित ठाऊक आहे. शेरलॉक होम्सचा साथीदार डॉक्टर वॉटसन याला १८८७ च्या कथेत गोळी खांद्याला लागलेली आहे, १८९० मध्ये तीच जखम पायात निघते. वाचक अजून त्यावर वाद घालतात.

नवा वाचक मधूनच येतो, त्याला मागचं सांगावं लागतं. तीन परिच्छेदांचा इतिहास नको. ‘जिना चढताना डावा गुडघा कुरकुरला, गोदामातल्या त्या रात्रीपासून तो असाच’ एवढं पुरे. जुन्या खुन्याचं नाव मात्र चुकूनही घेऊ नका, नाहीतर मागच्या पुस्तकातली सगळी गंमत गेली.

पाच-सहा पुस्तकांनंतर घटस्फोट, मुलगी, दारू यांनी तपास झाकोळतो. घरचा प्रसंग तपासाला धक्का देत नसेल, तर काढून टाका. सहायकांचंही तेच: नवा आणलात तर जुन्या एकाची बदली करा.

कंटाळून नायकाला मारायचंच असेल, तर प्रेत दाखवू नका. होम्सचे लेखक डॉयल यांनी १८९३ मध्ये त्याला धबधब्यात ढकललं, पण प्रेत सापडू दिलं नाही. १९०३ मध्ये त्याला परत आणताना तेच कामी आलं.