घरच्या छोट्या कुत्रीची पिल्लं घ्यायची असतील तर

घरात पॉम (पॉमेरेनियन), शिह त्झू, पग, डॅशहुंड असं काही असलं आणि ती फीमेल असली की पहिल्या हीटनंतर, म्हणजे ती पहिल्यांदा माजावर येऊन गेल्यावर, कुणीतरी म्हणतंच, अहो एकदा तरी पिल्लं होऊ द्या, तब्येतीला चांगलं असतं. हे खरं नाहीये. पिल्लं झाल्यानं कुत्रीची तब्येत सुधारत नाही, उलट लवकर नसबंदी केली तर गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे पायोमेट्राचा धोका जातो आणि स्तनांच्या गाठींचा खूप कमी होतो. तर तुमचं कारण फक्त हेच असेल तर मेटिंगचा विषय इथेच सोडा आणि डॉक्टरांशी नसबंदीचं बोला. आणि पैशाचा हिशेब डोक्यात असेल तर तोही आत्ताच नीट मांडा, छोट्या जातीत पिल्लं होतातच मुळी दोन-चार, कधी एकच, आणि एक सिझेरियन झालं की सगळ्या पिल्लांचे पैसे त्यातच जातात.

तरीही करायचंच असेल, कुत्री चांगली आहे, घरात माणसं आहेत, वेळ आहे, तर नीट करा.

आधी कायद्याचं. कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे आणि विक्रीचे केंद्र सरकारचे नियम २०१७ सालचे आहेत. त्यात ब्रीडरनं राज्याच्या पशु कल्याण बोर्डाकडे नोंदणी करायची असते, फीमेल किमान १८ महिन्यांची हवी, ८ वर्षांनंतर तिची पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षात एकदाच, आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेळा, आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. इंदूर नगर निगमात कुत्र्याची नोंदणी करतो ती वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही. पुष्कळ लोकांना वाटतं आमचं तर घरगुती आहे, आम्हाला कशाला नियम, पण विकायला लागलात की तुम्ही ब्रीडरच. आणि पाच ही कायद्यानं घातलेली कमाल मर्यादा आहे, घरच्या लाडक्या कुत्रीसाठी माझ्या मते एक-दोन वेळा खूप झालं.

आता जोडी. स्टड, म्हणजे मेटिंगसाठीचा मेल, शोधताना लोक रंग बघतात, केस बघतात, फोटो बघतात, गुडघा कुणी बघत नाही. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास फार, कुत्रा चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन उड्या मारतो आणि परत नीट चालायला लागतो, घरच्यांना ते गोड वाटतं, पण तो आजार आहे आणि पिल्लांत उतरतो. डॉक्टरांकडून दोघांचे गुडघे, हृदय, डोळे, दात तपासून घ्या, ब्रुसेला या जंतूच्या संसर्गाची रक्ततपासणी दोघांची करा कारण तो मेटिंगमधून पसरतो, गर्भपात होतात आणि माणसांनाही होऊ शकतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद असला तर चांगलंच, वंश कळतो, एकाच घरातले भाऊबहीण तर नाहीत ना ते कळतं, पण तो काही तब्येतीचा दाखला नव्हे. मेल आकारानं फीमेलपेक्षा मोठा नको. दोन किलोच्या आतली फीमेल असेल तर मी सरळ नाही म्हणेन. टीकप नावाची कुठली जात नसते, लहानात लहान कुत्र्यांची जोडी लावून लावून ते केलेलं असतं आणि त्यात आईचाही जीव जातो आणि पिल्लांचाही. दोन्ही मर्ल रंगाचे, म्हणजे फिकट अंगावर गडद ठिपके-डाग असलेले, पॉम तर कधीच एकत्र आणू नका, त्यातली काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघू शकतात. पग आणि फ्रेंच बुलडॉगचं डोकं मोठं, श्वासही अडतो, त्यामुळे त्यांचं बाळंतपण ऑपरेशननं होण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

हीटचा हिशेब असा की रक्त दिसायला लागल्यावर साधारण नऊ दिवस ती मेलला जवळ येऊ देत नाही, मग पुढचे काही दिवस येऊ देते, पण दिवस मोजण्यापेक्षा प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनची रक्ततपासणी केलेली बरी, मेटिंगची नक्की तारीख कळते. तीन आठवडे तिला पट्ट्याशिवाय खाली नेऊ नका, गल्लीतले मेल गेटवर बसूनच असतात, आणि एकाच वेळी दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. मेटिंगची तारीख कॅलेंडरवर लिहा. तिथून ६३ दिवस धरा, थोडं मागेपुढे.

आणि हे ६३ दिवस मेटिंगच्या आधी मोजून बघा. इंदूरमध्ये मार्चच्या मध्यात मेटिंग केलं तर बाळंतपण येतं मेच्या मध्यात, बाहेर बेचाळीसच्या आसपास, लू चालू, लाइट गेली की खोली भट्टी. ऑगस्टच्या शेवटी केलं तर ऐन दिवाळीच्या आसपास पिल्लं, सुदामा नगर काय आणि राजेंद्र नगर काय, फटाक्यांतून सुटका नाही, आणि घाबरलेली आई पिल्लांवर बसते, त्यांना तोंडात धरून घरभर फिरते. तुमच्याकडे लग्नकार्य असेल, मुलांची बोर्डाची परीक्षा असेल, तर ही हीट सोडून द्या, पुढची सहा-सात महिन्यांत येतेच.

पोटात पिल्लं आहेत की नाही ते चार आठवड्यांनी सोनोग्राफीत दिसतं. ५५ दिवसांनंतर एक एक्स-रे काढाच, कारण पिल्लं किती आहेत ते कळलं नाही तर बाळंतपण संपलं की अडलं हे रात्री कसं कळणार. एकच पिल्लू असेल तर ते मोठं होतं आणि कधीकधी कळाच सुरू होत नाहीत, डॉक्टर आधीच तारीख ठरवतात. खाणं शेवटच्या तीन आठवड्यांत वाढवा, पपी फूड चालतं, थोडं थोडं चार-पाच वेळा, कारण पोटात जागाच उरत नाही. आपल्या घरांत बाळंतीण म्हटली की आजीच्या हाताला डिंकाचे लाडू आणि हळीव लागतात, आणि मायेनं एखादा तुकडा कुत्रीलाही मिळतो, तो देऊ देऊ नका, लाडवातली मनुका कुत्र्यांना विषारी आहे, कांदा-लसूणही तसंच. आणि कॅल्शियमचं सिरप! हे सगळ्यांत जास्त केलं जातं. दुकानातला भैया म्हणतो द्या, शेजारी म्हणतात द्या. गरोदरपणात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वरून कॅल्शियम देऊ नका, त्यानं हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची स्वतःची सोय सुस्तावते आणि मग दूध सुरू झाल्यावर एकदम गरज पडते तेव्हा रक्तातलं कॅल्शियम कोसळतं.

त्यालाच एक्लॅम्पशिया म्हणतात आणि छोट्या कुत्रीत हाच मोठा शत्रू. बहुतेक वेळा पिल्लं दोन-तीन आठवड्यांची होतात तेव्हा येतो, म्हणजे नेमकं जेव्हा घरातले सगळे निर्धास्त झालेले असतात तेव्हा. आधी ती अस्वस्थ होते, धापा टाकते, पिल्लांजवळ जात नाही, मग ताठ ताठ चालते, थरथरते, अंग तापतं, आणि पुढे झटके. यात घरचा काही उपाय नाही, दूध पाजू नका, मध चाटवू नका, पिल्लं बाजूला करा आणि गाडी काढा. शिरेतून हळूहळू कॅल्शियम द्यावं लागतं, हृदयाकडे लक्ष ठेवून, ते डॉक्टरच करू शकतात, आणि वेळेत मिळालं तर कुत्री बघता बघता उठून बसते. त्यानंतर निदान एक दिवस पिल्लांना तिचं दूध नाही, तुम्ही बाटलीनं पाजायचं.

म्हणून रात्री फोन उचलणारा डॉक्टर आधी शोधायचा. महूचं व्हेटर्नरी कॉलेज आपल्याकडून पंचवीस-एक किलोमीटरवर, त्यामुळे आपल्या शहराला जनावरांच्या डॉक्टरांची कमी नाही, पण दिवसा दवाखाना चालवणं वेगळं आणि रात्री अडीचला सिझेरियन करणं वेगळं. सरळ विचारा, डॉक्टर, रात्री ऑपरेशन कराल का, नसेल तर कोण करेल. दोन नंबर भिंतीवर चिकटवून ठेवा.

बाळंतपणाचा खोका आठवडाभर आधी ठेवा, शांत कोपऱ्यात, कडा इतक्या की आई बाहेर येईल पण पिल्लं नाही. जुन्या सुती चादरी, स्वच्छ टॉवेल, दोरा, कात्री, बीटाडीन, ग्रॅम दाखवणारा किचनचा काटा, थर्मामीटर, पिल्लांचं तयार दूध पावडर, छोटी बाटली. ५७-५८ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तिचा ताप घ्या. एरवी १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतो, तो ९९ च्या खाली आला की साधारण चोवीस तासांत कळा येतात. मग ती खणते, खात नाही, थरथरते, हे बारा तास चालू शकतं, तिला सोबत द्या पण घरभरचे लोक गोळा करू नका, व्हिडिओ कॉल तर नकोच.

कळांच्या वेळी घड्याळ बघत राहा. जोर लावतेय आणि वीस-तीस मिनिटांत पिल्लू नाही, किंवा आत अजून आहेत हे माहीत असून दोन तास काहीच नाही, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट काळं पाणी आलं, तर थांबायचं नाही, निघायचं. पहिल्या पिल्लानंतर तसं पाणी दिसलं तर घाबरू नका. पिल्लू पिशवीत आलं आणि आईनं लगेच फोडली नाही तर तुम्ही फोडा, तोंड-नाक पुसा, टॉवेलनं जोरात चोळा, रडेपर्यंत चोळा. झटकायचं, उलटं धरून हवेत फिरवायचं असं काही लोक दाखवतात, त्यानं मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून इंचभर सोडून दोऱ्यानं बांधा, कापा, बीटाडीन लावा. प्रत्येक पिल्लामागे वार (प्लॅसेंटा) पडली का ते मोजा, राहिली तर डॉक्टरांना सांगायला लागतं.

आता पहिले दोन आठवडे, आणि इथे तुमची खरी झोप जाते. पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, पहिल्या आठवड्यात खोक्यात २९ ते ३२ डिग्री हवं, मग हळूहळू कमी. जानेवारीच्या इंदुरी थंडीत गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे पिल्लाला नको वाटलं तर सरकता येईल. मेमध्ये उलट, एसीचा झोत थेट नको. गार पडलेल्या पिल्लाला कधीही दूध पाजू नका, आधी हळूहळू गरम करा, गार पोटात दूध पचत नाही आणि पिल्लू जातं. पहिल्या चोवीस तासांत आईचा चीक प्रत्येकाच्या पोटात गेलाच पाहिजे, सगळ्यांत लहान असेल त्याला हातानं सडाशी लावा, बाकीचे ढकलतात त्याला.

वजन रोज, ठरलेल्या वेळी, वहीत. रोज वाढलं पाहिजे, आठ-दहा दिवसांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. बाटली द्यावी लागली तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पोटावर ठेवून, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. गायीचं नुसतं दूध नको, जुलाब लागतात. शी-शू करायला ओल्या कापसानं हलकं पुसावं लागतं, ते काम आई करत नसेल तर तुमचं. छोट्या जातीच्या पिल्लांची रक्तातली साखर पटकन उतरते, पिल्लू ढिलं पडलं, डोकं वाकडं करून पडलं तर हिरड्यांना थोडं ग्लुकोजचं पाणी चोळा आणि निघा.

डोळे दहा-चौदा दिवसांत उघडतात, तीन आठवड्यांनंतर मऊ खाणं, दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, रेबीजची तीन महिन्यांना. लस पूर्ण होईपर्यंत बघायला येणाऱ्यांचे जोडे बाहेर, हात धुतलेले, पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणू जोड्यांच्या तळव्यावरून घरात येतो. तीन आठवड्यांनंतर मात्र पिल्लांना घरातले आवाज, मिक्सर, प्रेशर कुकर, लहान मुलं, दाढीवाले काका, सगळं सवयीचं होऊ द्या, याच वयात बसलेली भीती पुढे चावण्यात निघते.

आणि मग देण्याची वेळ. पस्तीसाव्या दिवशी फोन सुरू होतात, ताई आत्ताच द्या ना, छोटं असतानाच क्यूट दिसतं. द्यायचं नाही. आठ आठवडे आई आणि भावंडांत राहिलं की ते चावायचं किती जोरात हे शिकतं, आणि तेवढ्या लवकर नेलेलं पॉमचं पिल्लू नव्या घरात दोन दिवसांत साखर उतरून जाऊ शकतं. मी तर म्हणेन मेटिंगच्या आधीच दोन-तीन घरं पक्की असली पाहिजेत. दिवसभर घरात कोण असतं ते विचारा, भाड्याचं घर असेल तर घरमालकाला चालतं का विचारा, वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून मागणाऱ्याला नाही म्हणा. कागदावर लिहून घ्या की नसबंदी करणार, ब्रीडिंगला वापरणार नाही, आणि ठेवणं जमलं नाही तर गल्लीत सोडणार नाही, कुणाला परस्पर देणार नाही, आमच्याकडे परत आणणार. आणि परत आलं तर ठेवायची तयारी ठेवा, सहा महिन्यांनी आलं, तीन वर्षांनी आलं तरी. पॉम चौदा-पंधरा वर्षं जगतो, तुम्ही जन्माला घातलेलं आहे. ही तयारी नसेल तर पहिल्या परिच्छेदाकडे जा आणि नसबंदीचं बघा.

पिल्लासोबत लसीचं पुस्तक, जंताच्या औषधाच्या तारखा, आठवडाभराचं तेच खाणं, आणि आईच्या वासाचं एक फडकं द्या, पहिल्या रात्री रडतं ते जरा कमी रडतं. पहिला आठवडा तुम्हीच फोन करून विचारा, किती खाल्लं, शी कशी आहे.

आईकडेही बघा, पिल्लं गेली की सगळे तिला विसरतात. सड कडक, लाल, गरम वाटले तर डॉक्टर, अंगावरून घाण वास येणारं पाणी जात असेल तरी डॉक्टर. केस गळतील, ते परत येतात. दूध आटलं, वजन भरलं, आणि आता पुढे पिल्लं घ्यायची नाहीत असं ठरलं असेल तर पुढच्या हीटची वाट न बघता तिच्या नसबंदीची तारीख घेऊन टाका.