जादा तास घेताय? मग या चुका टाळा

पहिली घटक चाचणी झाली की शाळाशाळांतून कच्च्या मुलांच्या याद्या निघतात आणि जादा तास सुरू होतात. तळमळ खरी असते. पण चुका दरवर्षी त्याच होतात, आणि मुलाच्या गुणांआधी त्याचा धीर जातो.

यादी चारचौघांत वाचू नका

एका शाळेत परिपाठानंतर माईकवरून नावं पुकारली गेली. ‘एवढ्या मुलांनी शेवटच्या तासाला वरच्या खोलीत बसायचं.’ त्यात सातवीतला, कबड्डीच्या संघातला एक मुलगा होता. शेवटचा तास खेळाचा. म्हणजे आख्ख्या शाळेसमोर नाव गेलं आणि जिथे त्याला मान होता ते मैदानही गेलं. पुढच्या आठवड्यापासून मधल्या सुट्टीनंतर तो शाळेत दिसेना. सर म्हणाले, “त्यालाच शिकायची इच्छा नाही.” मला हे वाक्य अजिबात सहन होत नाही. मुलाला काय गमवायला लावलं ते आधी बघा, मग इच्छेबद्दल बोला.

मी मुलाला एकटं गाठून सांगते, “उद्या शाळा भरायच्या आधी जरा ये, हातच्याची वजाबाकी पक्की करू.” नेमकं काय करायचंय ते कळलं की मूल येतं. ‘तू गणितात कच्चा आहेस’ यातून त्याला काहीच हाती लागत नाही. खेळ, चित्रकला, कार्यानुभव यांचे तास मी कधीही कापत नाही.

चूक न शोधता गणितं वाढवू नका

ही दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. सहावीतली मुलगी 52 − 27 चं उत्तर 35 लिहिते. बाईंनी फुली मारली आणि तसलीच वीस गणितं घरी दिली. वीसही चुकली, कारण पोरगी दर वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. तिच्या लेखी नियम बरोबरच होता. सरावाने तो आणखी पक्का झाला, आणि ‘मला गणित येतच नाही’ हेही.

अशा वेळी मी पाटी बाजूला ठेवते आणि विचारते, “कसं केलंस ते मला सांग.” मग काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या. सात सुट्या दे म्हटलं की ती अडते, मग आपणच एका गठ्ठ्याचं रबर काढते. बारा सुट्या होतात, सात जातात, पाच उरतात. दोन गठ्ठे बाजूला केले की उरलेले पंचवीस ती स्वतः मोजते. सहावीच्या मुलांना काड्या कशाला, असं विचारणाऱ्यांना घाई झालेली असते. नवे शिक्षक तर तिसऱ्या दिवशी फरक मागतात.

इयत्तेवरून गट पाडू नका

‘असर’ या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणात 2005 पासून अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा पायऱ्या वापरतात. वाचून घ्यायला एका मुलामागे काही मिनिटं पुरतात. मूल ज्या पायरीवर आहे तिथूनच सुरुवात करा. कोरोनात शाळा बंद राहिल्याने मागे पडलेला अभ्यास भरून काढायला 2021 मध्ये आलेल्या 45 दिवसांच्या सेतू अभ्यासाचा पायाही मागच्या इयत्तांचाच होता, पण काही ठिकाणी नुसत्या कृतिपत्रिका भरून घेतल्या गेल्या.

आणखी काही

दहावीला काठावरच्यांनाच बोलावून निकाल वर काढू नका. तळातल्या मुलांना ते बरोबर कळतं.

‘अपेक्षित’ प्रश्नसंच वाटून जादा तास उरकू नका.

गुण पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका.

‘तुमच्यासाठी थांबतो’ हे ऐकवू नका. मुलाची कुवत पाहून लागेल तसं जादा शिकवणं हे शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 24 नुसार शिक्षकाचं कर्तव्यच आहे.

आणि मूल जादा तासांतून बाहेर कधी पडणार ते आधीच ठरवा. माझ्याकडे गोष्ट न अडखळता वाचली आणि तिच्यावरच्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत दिली की त्याच दिवशी जादा तास बंद. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून टाकते.