कार्टून आहे म्हणून लहान मुलांचंच असेल, असं नाही

मुलाला कार्टूनपट दाखवायचा असेल तर आधी त्याचं प्रमाणपत्र बघा. २०२४ पासून सेन्सॉर बोर्ड 'यूए'चे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे) वयानुसार तीन गट देतं: ७+, १३+ आणि १६+. मात्र 'यू' (सगळ्यांसाठी खुला) म्हणजे चार वर्षांच्या पोराला झेपेलच, असं नव्हे. मृत्यू, ताटातूट, एकटं पडणं हे सगळं त्यात बसतं. 'फाइंडिंग नीमो'त (२००३) आई पहिल्या काही मिनिटांतच जाते. जपानी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज' (१९८८) तर युद्धात उपाशी मरणाऱ्या भावंडांची गोष्ट आहे. चित्रं गोड दिसतात म्हणून फसू नका.

ट्रेलरवर विसंबू नका, त्यात विनोदच वेचून घातलेले असतात. चित्रपट घरी बघणार असाल तर पहिली दहा मिनिटं आणि शेवटची वीस-पंचवीस आधी स्वतः बघा, कारण सगळ्यात भीतीदायक प्रसंग बहुधा शेवटाकडे येतो. एकदा आवाज बंद करून तोच प्रसंग बघा. भीती एकदम ओसरली, तर ती आवाजात होती; घरी आवाज कमी करता येतो, थिएटरात नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलांना 'हे खोटं आहे' सांगून फारसा उपयोग होत नाही. सात-आठच्या पुढे तो उपाय चालतो. थिएटरात कडेची खुर्ची घ्या. मूल कान झाकायला लागलं, मांडीत शिरलं किंवा सारखं 'घरी जाऊ' म्हणू लागलं की उठा. तिकिटाचे पैसे गेले तर गेले.