ट्रोम्सोत रोज रात्री ढगच? आम्हाला ऑरोरा असा दिसला

लग्नानंतर डिसेंबरात ऑरोरा (आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश) बघायला नॉर्वेतल्या ट्रोम्सोला गेलो. ऑरोराच्या अ‍ॅपवर केपी (ऑरोराचा जोर किती असेल ते सांगणारा आकडा) ४, आणि वर नुसतं राखाडी आभाळ. महिनाभर आधी बुक केलेली पहिल्या रात्रीची टूर वाया गेली. दुसऱ्या रात्री केबल कारने स्टोरस्टाइनेन डोंगरावर चढलो, तिथेही ढगच. बायको म्हणाली, "यापेक्षा महाबळेश्वर बरं होतं!"

चूक एवढीच की आम्ही केपी बघत बसलो. ट्रोम्सो ६९ अंश उत्तरेला आहे, तिथे केपी १-२ सुद्धा पुरतो. बघायचे ते ढग.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला (म्हणजे काळोखातच) 'यर' या नॉर्वेजियन हवामान अ‍ॅपवर ट्रोम्सो, नॉर्वेतलंच शिबोत्न गाव आणि फिनलंडमधलं किल्पिसयार्वी यांचे तासागणिक ढग ताडून पाहिले. लिंगेनच्या डोंगरांआड शिबोत्न कोरडं असतं. तिथे आभाळ मोकळं होतं. मग त्या बाजूला जाणारी मिनीबस त्याच संध्याकाळची घेतली. पासपोर्ट जवळ ठेवला, गाडी सीमेपलीकडेही जाते. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. फोन आतल्या खिशात, नाहीतर थंडीने ४० टक्क्यांवरून थेट बंद.

साडेनऊला डोंगरामागून फिकट धुरासारखी रेघ उठली. डोळ्यांना करडी, फोनमध्ये हिरवी. दहा मिनिटांत डोळ्यांनाही हिरवी.