आधी खडू, मग कॉम्प्युटर

टाळेबंदीच्या काळात लेकीला मी एक महागडा ऑनलाइन कोडिंग क्लास लावला होता. आधी फुकट डेमो, मग रोज फोन, मग हप्ते. तीन महिन्यांनी हातात आलं एक चकचकीत प्रमाणपत्र आणि अर्ध्याहून जास्त क्लासच्या ताईंनीच करून दिलेला एक गेम. स्वतः शिक्षिका असून फसले, याचा राग अजून आहे.

मग कोडिंग शाळेतच शिकवायला घेतलं. आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहा कॉम्प्युटर गवसण्या घालून नीट झाकून ठेवलेले होते. दोन सुरूच होईनात, त्यांची रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून बाकीच्यांत घातली. एवढ्यात काम भागलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने 2007 साली आणलेलं स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे रंगीत ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि त्याची ऑफलाइन आवृत्ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे दुपारी नेट आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून माझ्या लेखी हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. ब्लॉक इंग्रजीच ठेवले. मुलं ते रंगावरून ओळखतात, ‘निळ्यातला दुसरा’ असं म्हणतात, आणि महिन्याभरात ‘रिपीट’, ‘टर्न’ आपसूक वाचायला लागतात.

पहिलाच धडा स्क्रॅचच्या पडद्यावरचं मांजर नाचवण्याचा न घेता रांगोळीचा घेतला. त्यासाठी मांजराच्या मागे रेघ उमटवणारे पेनचे ब्लॉक लागतात आणि ते समोर दिसत नाहीत. खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर जाऊन जोडावे लागतात. मी स्वतः अख्खी संध्याकाळ ते शोधत बसले होते.

चौकोन सगळ्यांना जमला: चार वेळा पुढे जा, 90 अंशात वळ. मग पाचवीतल्या एका मुलीने समभुज त्रिकोण काढायला घेतला. त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, म्हणून तिने वळणही 60 दिलं. आकृती मिटेचना, पसरट वाडग्यासारखं काहीतरी झालं. ‘बाई, कॉम्प्युटर बिघडलाय.’ उत्तर जिभेवर आलं होतं, पण गिळलं आणि तिला व्हरांड्यात नेलं. फरशीवर खडूने त्रिकोण काढून म्हटलं, ‘आता तूच मांजर. चाल.’ कोपऱ्यावर पोचली, थांबली, अंगानेच वळली आणि खाली बघत राहिली. ‘मी 60 नाही वळले, त्याच्यापेक्षा जास्त वळले.’ आत जाऊन तिने 100 टाकून पाहिलं, मग 110, मग 120. तीन रेघा जुळल्या.

ही युक्ती माझी नाही. 1967 साली गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. तिच्यातलं कासव असंच चालवायचं, आणि अडलं की स्वतः कासव व्हायचं. पायथन या टाइप करून लिहायच्या प्रोग्रामिंग भाषेतही टर्टल (कासव) नावाने ते आयतंच मिळतं. म्हणून सातवी-आठवीच्या मुलांना मी तीच रांगोळी पायथनमध्ये टाइप करायला लावते.

बाकी बारीकसारीक गोष्टी अनुभवाने कळल्या. एका कॉम्प्युटरवर दोघं बरी, तिसरं मूल खिडकीबाहेर बघतं. माउस दर दहा मिनिटांनी बदलायचा, नाहीतर दांडगा पोरगा सोडत नाही. प्रत्येकाची फाइल त्याच्या नावाने ठेवायची. आमच्याकडे एकाने दुसऱ्याचं काम पुसलं आणि आठवडाभर अबोला चालला. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच ‘सगळं पूस, मध्यभागी जा, उजवीकडे तोंड कर’ हे तीन ब्लॉक लावायचे, नाहीतर मागच्या वेळचं वळण पुढच्या चित्रात शिरतं.

घरी करणार असाल तर मोबाइलवर नको, त्यावर ब्लॉक ओढताना मुलं वैतागतात. जुना लॅपटॉप पुरतो. शेजारी बसा, पण माउसला हात लावू नका. हे सगळ्यात अवघड, मलाही जमत नाही. रोबोट किटची घाई तर मुळीच नको. मायक्रोबिटसारखा 25 दिव्यांचा छोटा बोर्ड मेककोड या वेबसाइटवर पडद्यावरच चालवून बघता येतो. महिनाभर मूल त्यात रमलं तर मग एक विकत घ्या.

त्या मुलीने पुढे स्वतःच शोधलं की 360 ला बाजूंनी भागायचं. पाच, सहा, आठ बाजू झाल्या. सातला अडली. भागाकार करून 51 टाकलं, तर शेवटी बारीकशी फट राहिली. 52 टाकलं तर रेघ पुढे गेली. हिरव्यातला भागाकाराचा ब्लॉक मी नुसता बोटाने दाखवला. तिने तो टर्नच्या पोटात बसवला, 360 भागिले 7 लिहिलं आणि शेजारच्या मुलाला म्हणाली, ‘आता तुझा नंबर सांग, कितीचं पण काढते.’